गाठ तपासताना पाळीचेही विचारा

महोदय,
ऑक्टोबरमध्ये स्तनकर्करोगाविषयी भरपूर लिहिले जाते, ते हवेच. पण स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, आणि त्या बायकांचे पुढे काय होते याकडे कुणाचे लक्ष नसते. सोनोग्राफीत ‘काळजीचे कारण नाही’ आले की बाई घरी जाते. तिची पाळी दोन-दोन महिने लांबते, हे कुणी विचारत नाही. संकोचाने तीही सांगत नाही. स्तनातून दुधासारखा स्राव येत असेल तर हे विचारणे फारच गरजेचे आहे. थायरॉइड मंदावले की प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढू शकते. त्यातून पाळी बिघडते, स्रावही येतो. उलटी थांबवणाऱ्या डोमपेरिडोनसारख्या गोळीनेही असे होऊ शकते. साध्या फायब्रोअ‍ॅडिनोमाला (कर्करोग नसलेल्या एका प्रकारच्या गाठीला) संप्रेरकांच्या चाचण्या लागत नाहीत, उगाच खर्च नको. पण स्राव आणि लांबलेली पाळी एकत्र असतील, तर गर्भधारणा नाही ना हे पाहून टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) व प्रोलॅक्टिन तपासायला हवे. सरकारी दवाखान्यांतल्या स्तनतपासणीच्या केसपेपरवर शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू औषधे यांसाठी रकाना असावा, आणि तो भरला जावा.

– एक वाचक, सातारा