पाइप पुन्हा हाती घेण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

धूम्रपानाविषयी वर्तमानपत्रांतून जे लिहिले जाते, ते जवळजवळ सगळे सिगारेटभोवती फिरते. पाइपचा उल्लेख आलाच, तर तो जुन्या छायाचित्रातल्या एखाद्या विचारवंताच्या हातातली शोभेची वस्तू म्हणून येतो. त्यामुळे तरुणपणी पाइप ओढलेला, मग संसाराच्या किंवा नोकरीच्या धबडग्यात तो बाजूला ठेवलेला आणि आता उतारवयाकडे झुकताना पुन्हा कपाटातून बाहेर काढू पाहणारा जो माणूस आहे, त्याला सरळ माहिती देणारे कोणी भेटत नाही. मी स्वतः बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पाइपकडे परतलो आहे, म्हणून हे पत्र. माझे म्हणणे एवढेच, की परतणाऱ्याने जुना जाणकार म्हणून नव्हे, तर नवशिका म्हणून परतावे. कारण मधल्या काळात त्याचे शरीर, त्याचा पाइप आणि त्याची तंबाखू ही तिन्ही बदललेली असतात.

आधी शरीराविषयी. पाइपचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तो तोंडात खेळवून सोडायचा असतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्यावरून निकोटिन अंगात जातच नाही असा जो समज होतो, तो खोटा आहे. पाइपच्या तंबाखूचा धूर सिगारेटच्या धुराइतका आम्लधर्मी नसतो, आणि त्यामुळे त्यातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शिरते. पूर्वी रोज ओढणाऱ्याला त्याची सवय झालेली असे, ती खंडाच्या काळात पूर्ण मोडते. हात मात्र जुन्या सवयीने पाइपची मोठी वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा खोलगट भाग, गच्च भरतो, आणि अर्ध्या तासात गरगरणे, घाम, मळमळ आणि उचकी असा सगळा त्रास सुरू होतो. लहान वाटीचा पाइप, सौम्य तंबाखू, पोटात अन्न आणि मध्येच थांबण्याची तयारी एवढे पाळले तर हे टळते. भरलेली वाटी संपवलीच पाहिजे असा कोणताही नियम नाही.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला कर्तव्य वाटते. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, १९६४ सालच्या अहवालात पाइप ओढणे आणि ओठाचा कर्करोग यांचा कार्यकारण संबंध मान्य केला गेला होता; पुढे तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगांशी असलेला संबंधही स्पष्ट झाला. धूर आत न घेणाऱ्याच्या फुप्फुसांना सिगारेटच्या मानाने धोका कमी, हे खरे. पण तो धोका शून्य नाही, आणि जो माणूस मधल्या काळात सिगारेट ओढत होता त्याला धूर आत ओढण्याची खोड लागलेली असते, ती पाइप हाती घेतल्याने सुटत नाही. अशा माणसाने सिगारेटवरचा उतारा म्हणून पाइप धरू नये. हृदयाचा विकार असलेल्याने किंवा तोंडात पूर्वी चट्टा वा व्रण येऊन गेलेल्याने तर या वाटेला जाऊच नये. बाकीच्यांनीही दंतवैद्याकडून तोंड नियमित तपासून घ्यावे, आणि दोन-तीन आठवड्यांत न भरणारा कोणताही व्रण ताबडतोब डॉक्टरांना दाखवावा.

आता पाइप. चांगला पाइप ब्रायरचा असतो, म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झाडाच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीचा. फ्रान्सच्या ज्युरा पर्वतातल्या सेंट-क्लोद या गावाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या लाकडावर आपले नाव उभे केले. ते उष्णता सोसते आणि नीट वापरले तर पिढ्या टिकते. म्हणून खंडानंतर जुना पाइप टाकून नवा घेण्याची गरज सहसा नसते. मात्र तो काढला आणि पेटवला, असे करू नये. माझ्या पाइपची तोंडी (दातांत धरायचा भाग) एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची आहे. अशा तोंडीवर उजेडाचा परिणाम होत राहतो, काळी चकाकी जाऊन तिच्यावर हिरवट तपकिरी कळा चढते, आणि ती दातांत धरताच गंधकाची कडवट चव जिभेवर उतरते. अगदी बारीक पॉलिश कागदाने पाण्यात घासत गेले की ती कळा पिवळसर पाण्याबरोबर निघते आणि खालचा काळा रंग हळूहळू वर येतो. या कामाला घाई चालत नाही. वाटीपासून तोंडीकडे जाणाऱ्या दांडीत मद्यार्कात बुडवलेला पाइप क्लीनर (कापसासारखे तंतू गुंडाळलेली लवचिक तार) घातला, तर पहिले काही क्लीनर डांबरासारखे काळे निघतात, नंतरचे तपकिरी, आणि शेवटचा पांढरा निघेपर्यंत थांबायचे नाही. त्यासाठी खाण्यायोग्य मद्यार्कच वापरावा. रंगकामाच्या स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकते. वाटीत साचलेला काजळीचा थर साधारण एक मिलिमीटर ठेवून बाकीचा बोथट पात्याने खरवडावा, कारण जाड थर तापला की लाकडापेक्षा अधिक फुगतो आणि वाटीला तडा जातो. आणि पाइप गरम असताना तोंडी कधीही ओढून काढू नये.

तंबाखूच्या बाबतीत परतणाऱ्याला थोडे दुःखही सोसावे लागते. आपले जुने मिश्रण तसेच मिळेल ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. डनहिल या जुन्या कंपनीच्या नावाची मिश्रणे २०१८ च्या सुमारास बंद झाली, आणि त्यांतली बरीच पुढे पीटरसन या दुसऱ्या कंपनीच्या नावाने आली. सीरियाची लताकिया, म्हणजे धुरावर वाळवलेली तंबाखू, जवळपास दिसेनाशी झाली असून आता जी धुरकट वासाची लताकिया मिळते ती सायप्रसची असते. हट्टाने जुन्या चवीच्या मागे लागण्यापेक्षा व्हर्जिनिया किंवा बर्ली या जातीची साधी तंबाखू घेऊन जिभेला नव्याने ओळख करून द्यावी, असे माझे मत आहे. सुगंधी, गोड तंबाखूचा वास आजूबाजूच्यांना आवडतो, पण ती बहुधा ओलसर असते; तिची वाफ जीभ पोळते. डब्यातून काढलेली तंबाखू कागदावर थोडा वेळ पसरून ठेवावी. चिमटीत दाबून सोडल्यावर तिचा गोळा न राहता ती सुटी झाली, की ती भरण्याजोगी झाली असे समजावे. घरात सापडलेल्या जुन्या डब्यावर बुरशी दिसली, तर मात्र मोह न धरता तो टाकून द्यावा.

भरताना खाली सैल, वर किंचित घट्ट. एकदा काडी लावून वरचा थर फुलू द्यायचा, दट्ट्याने (तंबाखू दाबायच्या छोट्या साधनाने) हलकेच बसवायचा, आणि मग पुन्हा काडी लावायची. पाइप विझला म्हणून जोरजोराने झुरके मारणे ही जीभ पोळण्याची खात्रीची वाट आहे. विझला तर विझला, पुन्हा पेटवावा. वाटी गालाला लावून पाहावी, चटका बसत असेल तर आपण फार वेगाने ओढत आहोत. एका वाटीनंतर त्या पाइपला किमान एक दिवस वाळू द्यावे.

मला या परतण्यात जे हवे होते ते या सावकाश चालीतच होते. हातांना काम आणि मनाला स्वस्थता देणारा तो तास मला इतक्या वर्षांत दुसऱ्या कशात मिळाला नाही. परंतु ज्याला तो तास नको, तलफच भागवायची आहे, दिवसातून पुन्हापुन्हा ज्याचा हात पाइपकडे जातो, त्याने तो तेथेच थांबवावा. सुटलेले व्यसन वेगळ्या रूपाने परत घरात आणण्याइतके मोल या आनंदाला नाही, हे मी मनापासून लिहितो. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर त्यांच्या श्वासात हा धूर जाता कामा नये, याबद्दल चर्चेलाही जागा नाही.

आपल्या आरोग्यविषयक पानावर एखाद्या मुखरोगतज्ज्ञाकडून केवळ पाइपविषयी सविस्तर लेख लिहवून घ्यावा, अशी विनंती आहे. सिगारेटविषयीच्या लेखांमध्ये पाइप ओढणाऱ्याला स्वतःची स्थिती ओळखता येत नाही, आणि तो आपल्याला हवे तेवढेच त्यातून उचलतो.

आपला,
एक नियमित वाचक