बाबांची पाच आकड्यांची वही

रामबाग, इंदूर

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न.

आई, आधी तुझं. गाद्यांना ऊन दाखवलं, माळा झाडला, वाळवी कुठेही नाही. दादाकडे करमत नाही म्हणालीस, पण गुडघ्यांचं पूर्ण होऊ दे.

बाबा, माळ्यावर मर्फी रेडिओच्या मागे तुमची निळी वही सापडली. पानभर पाच-पाच आकडे: ४३४३३, ३२३३२. लहानपणी मला ते टेलिफोन नंबर वाटायचे. एवढ्या लोकांना बाबा फोन करतात तरी कधी! आता कळलं की हा सिन्पो, रेडिओ स्टेशन कसं ऐकू आलं त्याचे पाच गुण. स्टेशनचा जोर, शेजारच्या स्टेशनची लुडबुड, खरखर, आवाजाचं चढणं-उतरणं आणि शेवटी एकूण मत. ५ म्हणजे लख्ख, १ म्हणजे काही कळत नाही. आत क्यूएसएल कार्डंही होती, ‘तुम्ही आम्हाला ऐकलंत’ अशी स्टेशनांनी पाठवलेली पोचपावती, कडा पिवळ्या पडलेली.

मर्फी काही बोलेना. म्हणून टेकसनचा छोटा रेडिओ मागवला. पहिल्या रात्री शॉर्टवेव्हच्या ३१ मीटर पट्ट्यावर नुसती घरघर. वाटलं, गेले पैसे. मग घरभर एकेक बंद करत फिरले: टीव्ही, वायफायचा डबा, चार्जर. फरक शून्य. शेवटी देवघरातला एलईडी बल्ब विझवला आणि घरघर थांबली. तिच्यामागे एक बाई कधीपासून शांतपणे बोलत होती! त्या बल्बच्या पोटातलं सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं, त्याचा हा उपद्व्याप. आई, रागावू नकोस, रेडिओच्या वेळी देवापुढे समई लावते.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर दहा मीटर तार ओढली. तुमचे चिनीमातीचे पांढरे गट्टू अजून खांबाला आहेत, तेच वापरले.

तुमच्या वेळचं बरंचसं गेलंय. बीबीसीची हिंदी शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला थांबली. आईच्या बुधवारच्या रेडिओ सिलोनचा आवाज, अमीन सयानी, फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. चीन मात्र जिथे काटा न्यावा तिथे. दिवसा मी १९ मीटरवर असते, अंधार पडला की ४१ आणि ३१ वर. उन्हात आकाशातला खालचा थर या ४१-३१ च्या जास्त लांबीच्या लहरी गिळून टाकतो, हे तुम्ही जेवताना सांगायचात आणि आम्ही ऐकायचो नाही.

काल रात्री रेडिओ रोमानिया लागलं, इंग्रजीत. बुखारेस्टचा आवाज यायचा, बुडायचा, पुन्हा वर यायचा. तुमच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून मी लिहिलं: २३२२२. खरखरीला दोन दिले, ते जास्त झाले का? आणि पहिला आकडा तुम्ही कानाने ठरवायचात, की मर्फीच्या त्या जोर दाखवणाऱ्या हिरव्या डोळ्याकडे, त्या दिव्याकडे बघून? फोनवर सांगू नका, लिहून पाठवा. वहीत चिकटवायचंय.

तुमची,
धाकटी