व्हिडिओ कॉलमध्ये आधी आवाज, मग चित्र

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ कॉल नीट होत नाही म्हटले की पहिला सल्ला मिळतो तो जास्त मेगापिक्सेलचा नवा फोन घेण्याचा. वास्तविक कॉलमध्ये पलीकडे जाणारे चित्र बहुधा १२८० बाय ७२० बिंदूंचे किंवा त्याहून लहान असते. हा गुणाकार सव्वानऊ लाखांच्या आतच राहतो, म्हणजे दहा लाख बिंदूंचा एक मेगापिक्सेलही भरत नाही. विलेपार्ल्यातील आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात फोनच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मदत करता करता माझे मत असे झाले आहे की, कॉलचा दर्जा आधी आवाजावर ठरतो. चित्राचा क्रमांक त्यानंतरचा. चेहरा क्षणभर गोठला तरी बोलणे चालू राहते, पण शब्द तुटू लागले की दोन्हीकडून ‘ऐकू येतंय का?’ याखेरीज काही होत नाही.

बहुतेक फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेशेजारच्या बारीक छिद्रात असतो. फोन आडवा धरला की ते छिद्र नेमके तळहाताखाली जाते आणि कव्हर जुने असेल तर तिथे मळही साचतो. मंडळातील एका आजींना त्यांची मुलगी ‘आई, विहिरीतून बोलतेस का?’ असे विचारत असे. कव्हर काढून पाहिले तर छिद्रावर कणकेचा वाळलेला थर होता. टोकदार वस्तू न घालता मऊ ब्रशने तो काढला, तेवढ्याने काम भागले. दुसरी अडचण स्पीकरची. आवाज पूर्ण वाढवला की पलीकडचे बोलणे आपल्याच माइकमध्ये शिरते. फोनमधील सॉफ्टवेअर हा प्रतिध्वनी पुसण्याचा प्रयत्न करते खरे, परंतु फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत ते अनेकदा कमी पडते, किंवा प्रतिध्वनीबरोबर आपले अर्धे वाक्यही पुसून टाकते. त्यात डोक्यावर पंखा असतो, आणि मुंबईत तो बंद करा असे कोणत्या तोंडाने सांगणार? यावर माइक असलेला साधा वायरचा इअरफोन हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. गाणी ऐकताना उत्तम वाटणारे ब्लूटूथ इअरफोन माइक सुरू होताच कॉलच्या मोडमध्ये जातात आणि त्यांपैकी पुष्कळांचा आवाज तिथे बोथट होतो. (लोकलच्या डब्यात स्पीकर लावून नातेवाइकांची चौकशी करणाऱ्यांनाही इअरफोनच सुचवावासा वाटतो, पण त्यामागचे कारण निराळे आहे.)

चित्रासाठी खर्च जवळजवळ नाहीच. गॅलरीच्या ग्रिलकडे पाठ करून बसले की कॅमेरा मागच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळा पडतो. खुर्ची वळवून उजेड समोर घ्यावा. फोन हातात धरून अर्धा तास बोलल्यास मनगट दुखते आणि पलीकडच्यांना हनुवटी व पंखाच दिसत राहतो. त्यापेक्षा तो डब्यांच्या आधाराने डोळ्यांच्या पातळीवर उभा करावा. उन्हाळ्यात चार्जिंगला लावून लांबलचक कॉल करू नये, कारण फार तापलेला फोन स्वतःचा वेग आणि पडद्याचा उजेड दोन्ही कमी करतो.

नेटवर्कबाबत मात्र मुंबईच्या इमारतींचा प्रश्न वेगळा आहे. केबल मुख्य दारातून येते म्हणून राउटर दाराशीच बसतो, आणि आजी-आजोबांची खोली असते शेवटची. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या लहरींच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या (चॅनल) तीनच मिळतात आणि मजल्यावरचे सगळे राउटर त्यांतच दाटीवाटी करतात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा अधिक, पण काँक्रीटच्या भिंतींपुढे त्याचा सिग्नल लवकर क्षीण होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार एका बाजूचा आवाज दुसरीकडे पोहोचण्यास साधारण १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर संभाषणाला बाधा येत नाही. वायफायवर गर्दी झाली की विलंब वाढतो आणि माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. म्हणून महागडा प्लॅन घेण्याआधी राउटर असलेल्या खोलीत बसून एकदा कॉल करून पाहावा.

हा विषय केवळ परदेशातील नातवंडांपुरता राहिलेला नाही. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने व्हिडिओद्वारे ग्राहकाची ओळख पटवण्यास परवानगी दिली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये दूरवैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. माझ्या परिचयातील एका बाईंचा बँकेचा असा कॉल ‘चेहरा स्पष्ट नाही’ म्हणून दोनदा तोडण्यात आला, पण खिडकीकडे तोंड करून बसा, हे त्यांना कोणीही सांगितले नाही. बँका आणि रुग्णालयांनी कॉलची वेळ कळवणाऱ्या संदेशातच उजेड, इअरफोन आणि राउटरजवळची जागा यांविषयी दोन ओळी मराठीतून द्याव्यात आणि कॉल तोडण्याआधी समोरच्याला खुर्ची वळवण्याची संधी द्यावी, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई