वर्गमैत्रिणींचाही शोध घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खान्देशात दहावीच्या जुन्या बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप जागे होतात आणि स्नेहमेळाव्याची तारीख ठरू लागते. पण बहुतेक ग्रुपांत मुलांचीच गर्दी असते, वर्गातल्या मुली मोजक्याच. त्यांचा शोध लवकर सोडून दिला जातो, याचे वाईट वाटते.

फेसबुकवर माहेरच्या नावाने त्या सापडत नाहीत, कारण लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव बदलते, कधी पहिलेही. त्यातून आडनाव पाटील किंवा महाजन असले की त्याच नावाची प्रोफाइल ढिगाने पुढे येतात. म्हणून शोध भावापासून सुरू करावा. त्याचे आडनाव बदललेले नसते. तो सुरत-उधन्याला असला तरी श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणाला बहुधा गावी येतो, आणि भाऊबंदांपैकी कुणाकडे तरी त्याचा नंबर असतोच. नाव देवनागरी आणि इंग्रजी दोन्हींत टाकून पाहावे. एकट्या चौधरीचीच इंग्रजी स्पेलिंगे तीन-चार आहेत. मैत्रिणींनीही प्रोफाइलच्या माहितीत माहेरचे नाव ‘इतर नावे’मध्ये लिहिले, तर त्या सापडणे सोपे जाते.

नंबर मिळाला म्हणून लगेच ग्रुपमध्ये घेऊ नये. तसे केले की तिचा नंबर सगळ्यांना दिसतो. न विचारता घेतलेल्या कितीतरी जणी म्हणूनच बाहेर पडतात. आधी एखाद्या वर्गमैत्रिणीने फोन करून विचारावे. निदान एक ॲडमिन मैत्रीण असावी. ग्रुपची लिंक बाहेर फिरली तर ती रीसेट करावी आणि नवा सदस्य ॲडमिनच्या मंजुरीनेच येईल अशी सेटिंग ठेवावी.

शाळेच्या जनरल रजिस्टरच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकणे तर पूर्ण चुकीचे. त्यावर जात आणि जन्मतारीखही असते. मुख्याध्यापकांना फक्त नावांची यादी मागावी.

जुन्या मित्राचा फोटो लावून कुणी पैसे मागितले, तर प्रत्यक्ष फोनवर बोलल्याशिवाय पाठवू नयेत. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवावे.

मेळावा आखाजीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवावा. सणाच्या दिवशी घरोघर पितरांसाठी घागर भरायची असते. पुढचे दोन दिवस माहेरवाशिणी गावातच असतात. ऊन पाहता वेळ सायंकाळी सहानंतरची बरी. मात्र हॉलची इसार रक्कम देण्याआधी मैत्रिणींना दिवस विचारून घ्यावा.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)