पंपाच्या डिलिव्हरीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी नवा पंप आला तेव्हा मी जिन्यातच होतो. टेम्पोवाल्याने खोका गेटपाशी उतरवला आणि चलन वॉचमनपुढे धरलं. 'माल सुस्थितीत मिळाला' या छापील ओळीखाली वॉचमनने सही केली. खोक्याचा एक कोपरा दबलेला होता. खोका उघडला शुक्रवारी, तेव्हा पंपाच्या बॉडीला तडा दिसला. आता विक्रेता चलन पुढे करतो. वॉचमनला कृपया बोल लावू नका. माल कसा घ्यायचा हे आपण त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

'गाडीभाडं विक्रेत्याने भरलं, म्हणजे वाटेतल्या नुकसानीची जोखीम त्याचीच' असं सभेत म्हटलं गेलं. मला ते पटत नाही. इन्कोटर्म्स म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारात माल पोचवण्याच्या ठरीव अटी. त्यांतल्या सीआयएफ (किंमत, विमा आणि भाडं) अटीत विक्रेता शेवटच्या बंदरापर्यंतचं भाडं भरतो, विमाही काढतो. तरी माल जहाजावर चढला की डिलिव्हरी पुरी होते आणि पुढची जोखीम खरेदीदाराची. डीएपी (ठरल्या जागी पोच) या अटीत मात्र ठरलेल्या ठिकाणी माल पोहोचेपर्यंत ती विक्रेत्याकडेच राहते. आपल्या ऑर्डरवर नुसतं 'घरपोच' लिहिलं होतं. घरपोच म्हणजे गेट की पंपरूम?

घराच्या ताब्याचंही तसंच आहे. गावाला जाताना आपण ऑफिसात किल्ली ठेवतो, तेव्हा घराचा ताबा देत नाही. तीच किल्ली विकणाऱ्याने 'आता घर तुमचं' म्हणून घेणाऱ्याच्या हातात ठेवली की ताबा गेला. सहीचंही असंच, ती कशासाठी केली ते लिहिलेलं हवं. 'खोका मिळाला, आतला माल तपासलेला नाही' एवढी ओळ चलनावर असती तरी पुष्कळ होतं.

अजून वेळ गेलेली नाही. माल ताब्यात घेणं आणि तो पसंत करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणीसाठी खरेदीदाराला वाजवी मुदत मिळते. म्हणून आजच लेखी तक्रार पाठवावी आणि पंप कोणी बसवू नये.

एक गोष्ट मनाला फार लागली. शेअर-बाँडसारख्या रोख्यांच्या व्यवहारात पैसे आणि रोखे एकमेकांना बांधलेले असतात, एक मिळाल्याशिवाय दुसरं सुटत नाही. आपण मात्र सगळी रक्कम आगाऊ देऊन बसलो, तीही सर्वांच्या मेंटेनन्समधली. यापुढे शेवटचा हप्ता पंप चालवून पाहिल्यावरच द्यावा, आणि माल कुठे व कोणी घ्यायचा ते ऑर्डरवरच लिहावं.

दबलेल्या कोपऱ्याचा मंगळवारचा फोटो माझ्याकडे आहे. तक्रारीसोबत जोडण्यासाठी आज संध्याकाळी ऑफिसात आणून देतो.

आपला,
एक सभासद