तुझ्या डब्यातली पांढरट भुकटी

चि. अमोल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कुरिअर मिळालं. रेस्व्हेराट्रॉल, म्हणजे द्राक्षाच्या सालीत असतं ते द्रव्य, 500 मिलिग्रॅम, 60 कॅप्सूल. किंमत बघून तुझी आई म्हणाली, एवढ्यात दिवाळीचा किराणा झाला असता. एक कॅप्सूल मी पेपरवर उघडून पाहिली. पिठीसाखरेसारखी भुकटी. जन्मभर जालन्यात रसायनशास्त्र शिकवलं आणि सुट्टीला द्राक्षबाग केली. या दोघांची गाठ आपल्याच ओसरीवर पडेल असं वाटलं नव्हतं.

फोनवर तू म्हणालास, "अप्पा, तुमचं स्टेंटचं झाल्यापासून मीही रोज ग्लासभर रेड वाइन घेतो, हार्टसाठी." मी गप्प बसलो. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय.

परवा बागेत एक पान उलटून पाहिलं. वर तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी बुरशी. डाऊनी, म्हणजे केवडा रोग. यंदा पाऊस हटायलाच तयार नाही. वेलाला पळून जाता येत नाही. बुरशी चढली की तो डागाच्या आसपास हेच रेस्व्हेराट्रॉल बनवतो. 1976 मध्ये लँगकेक आणि प्राइस या दोघांनी ते द्राक्षाच्या पानांत दाखवलं. म्हणजे तुझी कॅप्सूल हा वेलाचा घरचा बोर्डो म्हण, आपण मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक फवारतो तसा. (तेवढ्याने भागत नाही, आम्हाला ड्रम भरावाच लागतो.) मण्यात ते सालीत असतं. रेड वाइन सालीसकट आंबवतात म्हणून तिच्यात उतरतं, व्हाइटमध्ये नावालाच.

आता ते अँटिऑक्सिडंट, म्हणजे फ्री रॅडिकलना शांत करणारं, कसं, ते बघ. दोन बेंझिन वलयं, मधे दुहेरी बंधाचा पूल. एका वलयावर दोन हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या), दुसऱ्यावर एक. फ्री रॅडिकल म्हणजे एका इलेक्ट्रॉनसाठी हपापलेला रेणू. त्याला त्या एकट्या हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन आधी मिळतो. मागे जो एकटा इलेक्ट्रॉन उरतो तो पुलावरून दोन्ही वलयांत पसरतो. कर्ज भावकीत वाटलं की एकाच्याच मानेवर बसत नाही, तसं. परीक्षानळीत हे झकास चालतं.

पोटात गेल्यावर घोळ होतो. 2004 मध्ये माणसांना 25 मिलिग्रॅम देऊन पाहिलं. निदान 70 टक्के शोषलं गेलं, पण रक्तात मूळ रूपात मिलिलिटरला 5 नॅनोग्रॅमसुद्धा सापडेना. आतडं आणि यकृत त्याच हायड्रॉक्सिलवर सल्फेट नाहीतर ग्लुक्युरॉनिक आम्ल चिकटवतात. देणारे हातच बांधले! शिवाय रक्तातलं साधं युरिक आम्ल त्याच्या हजारो पट असतं आणि तेही अँटिऑक्सिडंटच आहे, फुकटात.

उंदरांचं तू सांगितलंस ते खरं आहे. 2006 च्या त्या प्रयोगात तुपकट खाणं खाणारे लठ्ठ उंदीर हे द्रव्य दिल्यावर जास्त जगले. पण त्यांना रोज किलोमागे सुमारे 22 मिलिग्रॅम होतं. सरळ वजनाने तुझ्या 70 किलोला दीड ग्रॅमच्या वर जातं. वाइनमध्ये लिटरला 5 मिलिग्रॅम म्हणजे डोक्यावरून पाणी, पुष्कळदा 2 सुद्धा नसतं. 5 धरलं तरी 300 लिटर, आपल्या फवारणीच्या ड्रमने दीड ड्रम. रोज. एवढं तर तुझा तो आबा मामाही पीत नव्हता.

इटलीत, जिथे वाइन जेवणाचाच भाग आहे, दोन गावांतल्या 65 च्या पुढच्या 783 जणांवर नऊ वर्षं नजर ठेवली. लघवीत या द्रव्याचे अंश जास्त असोत की कमी, मरणात, हृदयविकारात, कर्करोगात फरक दिसला नाही. 2014 मध्ये ते छापून आलं. ग्लासातलं दुसरं द्रव्य मात्र अल्कोहोल. ते 1988 पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीच्या, गटात आहे, आणि 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलं की त्याची कुठलीच मात्रा सुरक्षित धरता येत नाही.

मित्रांत बसून कधी घेतलीस तर मी काठी घेऊन येणार नाही. पण माझ्या छातीचं निमित्त करून नको घेऊस. औषध म्हणून तर अजिबात नको.

कॅप्सूल मी घेत नाही. डॉक्टरांना विचारलं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना हे नको म्हणाले. 59 उरल्यात, परत घेत असतील तर बघ.

छाटणी दसऱ्यानंतर धरलीय, माणसं सांगून ठेवलीत. येताना कात्रीची स्प्रिंग आण, जुनी तुटली.

तुझे,
अप्पा