रॅमवर एवढी चर्चा, आणि कार्ड मात्र "कुठलंही"

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रास्पबेरी पायसारख्या तळहातावर मावणाऱ्या कॉम्प्युटर बोर्डांवर हल्ली मराठी पेपरांत लेख येतात, मुलं ते वाचून घरी काहीतरी बनवून बघतात, मला ते मनापासून आवडतं. पण बहुतेक लेखांत प्रोसेसर आणि रॅमबद्दल रकानेच्या रकाने असतात आणि कार्डाबद्दल शेवटी एकच ओळ, की कुठलंही मेमरी कार्ड टाका आणि सुरू करा. या "कुठलंही"मुळे माझं नुकसान झालंय म्हणून लिहितोय.

माझा एक बोर्ड दर १० सेकंदांनी तापमान आणि आर्द्रता फाइलमध्ये लिहायचा. कार्ड जुन्या मोबाइलमधून काढलेलं होतं. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एकदा काही कारणाने बोर्ड रीबूट केला आणि फाइल उघडली तर शेवटची नोंद तीन आठवड्यांपूर्वीची! रीबूटच्या पाच मिनिटं आधी तर मी ताज्या नोंदी डोळ्यांनी बघितल्या होत्या. मला आधी वाटलं प्रोग्रामच चुकलाय, म्हणून एक नको असलेली फाइल डिलीट केली, परत रीबूट केलं, आणि ती फाइल होती तिथेच परत हजर. म्हणजे कार्डाने लिहून घेणं केव्हाच सोडलं होतं पण एरर काही देत नव्हतं, आणि मला दिसत होत्या त्या नोंदी लिनक्सने (बोर्डावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमने) रॅममध्ये धरून ठेवलेल्या होत्या. वीज गेली की संपलं.

असं का होतं ते थोडं सांगतो. एक नोंद साधारण ५० बाइटची, दिवसाला ८,६४० नोंदी, म्हणजे सगळं मिळून अर्धा एमबीसुद्धा नाही. पण प्रत्येक नोंद लगेच कार्डावर उतरवायची म्हटलं की कमीत कमी ४ केबीचा तुकडा लिहावा लागतो, वर फाइल सिस्टिमच्या जर्नलचं, म्हणजे बदलांच्या नोंदवहीचं, लिखाण वेगळं, आणि फ्लॅशमध्ये, म्हणजे कार्डातल्या मेमरी चिपमध्ये, लिहिलेल्या जागेवर थेट परत लिहिता येत नाही, आधी मोठा ब्लॉक पुसावा लागतो आणि असं पुसणं ठरावीक वेळाच सोसतं. त्यामुळे आपल्याला चिमूटभर वाटणारं काम कार्डासाठी कितीतरी पट असतं.

कार्डावर छापलेला वेगही नीट समजून घ्यायला हवा. १०० एमबी प्रति सेकंद हा आकडा मोठी सलग फाइल वाचतानाचा असतो, ऑपरेटिंग सिस्टिम चालवताना मात्र बारीक बारीक तुकडे इकडून तिकडून लिहिले-वाचले जातात. त्यासाठी कार्डावर ए१ किंवा ए२ ही खूण बघावी. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १,५०० वाचनं आणि ५०० लेखनं, ४ केबीची, म्हणजे लिखाणाचा हिशोब झाला सेकंदाला फक्त २ एमबी! ए२चे आकडे जास्त आहेत, ४,००० आणि २,०००, पण ते मिळायला बोर्डाचीही साथ लागते. सतत लिहिणारं काम असेल तर डॅशकॅमसाठी मिळतात ती हाय एन्ड्युरन्स कार्डं घ्यावीत आणि नवीन कार्ड आल्याआल्या एफ३ सारख्या टूलने पूर्ण भरून तपासावं, नकली कार्डांवर ६४ जीबी छापलेलं असतं आणि आत जागा त्याच्या कितीतरी कमी निघते.

रॅम महत्त्वाची नाही असं मी म्हणत नाहीये. २०१२च्या पहिल्या पायवर २५६ एमबी होती, पाय ५ आता १६ जीबीपर्यंत मिळतो, आणि ती बोर्डावर सोल्डर केलेली असल्याने नंतर वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच विचार करावा. सेन्सर वाचायला पाय झीरो २ डब्ल्यू या छोट्या बोर्डाची ५१२ एमबी पुरते, ब्राउझर उघडून डेस्कटॉपसारखं वापरायचं असेल तर ४ जीबी तरी हवी. रॅम कमी पडली की सिस्टिम स्वॅप, म्हणजे रॅमऐवजी स्टोरेजवरची जागा, वापरते आणि स्वॅप कार्डावर असेल तर बोर्डही रखडतो आणि कार्डही झिजतं, त्यापेक्षा झेडरॅम चालू करावं, ते रॅममध्येच डेटा दाबून बसवतं.

चोवीस तास डेटाबेस वगैरे चालवायचा असेल तर कार्डाचा नाद सोडून सरळ एसएसडी (फ्लॅशवर चालणारी ड्राइव्ह) घ्यावी. पाय ४ला यूएसबी ३वर लागते, पाय ५ला एम.२ (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीचा प्रकार) ची जोडपट्टी लावून पीसीआयई या वेगवान जोडणीवर. फक्त पॉवर सप्लाय बघा, पाय ५ला ५ अँपिअरचा नसेल तर चारही यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात आणि एसएसडी मध्येच गायब होते, मग दोष ड्राइव्हला दिला जातो.

आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी असा प्रोजेक्ट छापाल तेव्हा कोणतं कार्ड, किती वेळाने लिहायचं आणि बॅकअप कुठे, एवढं साहित्याच्या यादीतच द्यावं ही विनंती. माझा बोर्ड आता नोंदी रॅममध्ये जमवून दर १५ मिनिटांनी एकदाच लिहितो आणि रोज रात्री एक कॉपी दुसऱ्या मशीनवर जाते. वीज गेली तर पाव तासाच्या नोंदी जातील, ते मला चालतं. ते तीन आठवडे मात्र आलेखात अजून रिकामेच आहेत.

आपला,
एक नियमित वाचक